धक्क्यावरचा आखूड दोर

भोसरीच्या एका निवृत्त फिटरने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी शिडाची होडी घेतली आणि एकट्याने कोकणचा किनारा धरला, ही बातमी आमच्या दैनिकात कधी छापून आली नाही. ती छापायची की नाही हे माझ्या हातात होते. मी त्या दैनिकात उपसंपादक होतो आणि तो फिटर माझा मित्र होता. १९५०च्या दशकातली ही गोष्ट आहे.

मी चिंचवडला राहत असे आणि रोज गाडीने पुण्याला कचेरीत जात असे. तो भोसरीचा, जुन्या शेतकरी घरातला. तीस वर्षे सायकलवरून खडकीच्या लष्करी कारखान्यात गेला. त्याची मुलगी आमच्या आळीत दिलेली होती. रविवारी तो तिच्याकडे जेवायला येई आणि दुपारी पवनेच्या घाटावर माझ्याशेजारी येऊन बसे.

त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. माझा जन्म समुद्रकाठचा. वडील हर्णैच्या बाजूला एका लहान बंदरात जकातीच्या नाक्यावर कारकून होते. ते गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मामांनी मला पुण्याला आणले. त्यानंतर मी त्या किनाऱ्यावर परत गेलो नाही, पण चाळीस वर्षे समुद्राचा माणूस म्हणूनच ओळखला गेलो. वादळाची तार आली की कचेरीत ती माझ्या टेबलावर येई. गलबतांबद्दल, वाऱ्यांबद्दल, मासळीबद्दल कुणाला काही हवे असले की मला विचारत. मी सांगत असे. त्यातले काही मला आठवत होते, काही मी वाचलेले होते. कोणते कुठले, हे मी कुणाला वेगळे करून सांगितले नाही.

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात कात्रणे होती. कचेरीत विलायती मासिके येत. त्यांत उतारवयात लहान शिडाच्या होडीतून एकट्याने किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्या माणसांचे लेख असत. कुणी पोस्टमास्तर असे, कुणी शाळामास्तर. मी ते कापून ठेवी. वीस वर्षांत खण भरला होता. निवृत्त झाल्यावर आपणही हेच करायचे, असे मी मनाशी म्हणत असे. म्हणत असे, इतकेच.

एका रविवारी मी हे त्याला सांगितले. तोवर कुणालाही सांगितले नव्हते, बायकोलाही नाही. तो हसला नाही. त्याने विचारले, होडी किती फूट लांब लागते? लाकूड कोणते? डोलकाठी खोबणीत बसवतात की बोल्ट मारतात? एकटा माणूस शीड आणि सुकाणू दोन्ही कसे धरतो? मला नीट उत्तर देता आले ते फक्त शेवटच्याचे. पुढच्या रविवारी मी कात्रणांचे पुडके घाटावर नेले. त्याला इंग्रजी येत नव्हते. तो चित्रे पाहत बसला आणि त्यातली दोन मागून घेतली.

सहा महिन्यांनी त्याच्याकडे होडी होती.

दिघीच्या लष्करी आवारात टाकाऊ मालाचा लिलाव झाला, त्यात ती निघाली. सोळा फुटी, सरावाची, डोलकाठी नसलेली, बुडाच्या दोन फळ्या फुटलेल्या. तंबूचे कापड घ्यायला आलेल्या व्यापाऱ्यांना ती नको होती. त्याने ती बैलगाडीवरून भोसरीला आणली आणि बैलगाड्या करणाऱ्या सुताराच्या छपरात उलटी घातली. मला हे बायकोने सांगितले.

"तुमची होडी भोसरीत आली म्हणे," ती म्हणाली.

तिला कात्रणे ठाऊक होती, हे मला तेव्हा कळले.

मी पाहायला गेलो. सुताराने आयुष्यभर गाडीची चाके केलेली. होडीच्या फळ्यांना तो आऱ्यांसारखे ठोकून पाहत होता. सांध्यांत कापूस आणि राळ भरली होती. शीड तंबूच्या कापडाचे, गावच्या चांभाराने दुहेरी टाक्याने शिवलेले. मी चुका शोधत होतो. एक सापडली. डोलकाठी फार जाड होती, वरचे वजन वाढून होडी कलंडली असती. मी तसे म्हणालो. त्याने काठीला हाताची वीत लावून पाहिली, सुताराकडे पाहिले आणि रंधा मागितला. पुढच्या रविवारी काठी बेताची झाली होती. चूक दाखवल्याचे समाधान मला मिळाले नाही. उलट माझ्यामुळे होडी सुधारली होती.

दापोडीला मुळेच्या पात्रात लष्कराच्या होड्या चालत. तिथल्या एका निवृत्त हवालदाराशी त्याची ओळख होती. त्याने महिनाभर रोज सकाळी याला शीड शिकवले. एकदा मित्राने मला होडीत बसायला बोलावले. मी नाही म्हणू शकलो नाही. होडी वळली तेव्हा शिडाखालची आडवी काठी फिरते आणि माणसाने वाकायचे असते. हे मी किमान दहा लेखांत वाचले होते. काठी माझ्या कानशिलावर बसली. टोपी पाण्यात गेली. हवालदार काठावरून काही म्हणाला आणि दोघे हसले. माझा मित्र सुकाणू सोडून टोपी काढायला गेला नाही. त्याने होडी पूर्ण गोल वळवून टोपीच्या बाजूला आणली आणि ती हाताने उचलून मला दिली. मग म्हणाला की आता फार छान वळते. त्या वळणात एकही धक्का बसला नव्हता. मी चाळीस वर्षे ज्याच्याबद्दल बोलत होतो ते त्याच्या हाताला महिन्यात आले होते, हे मला बसल्या जागी कळले.

मी सुचवून पाहिले की खुल्या समुद्रात दोघे असलेले बरे. तो म्हणाला, "घरात चवदा माणसं. कारखान्यात भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर बसायचं. आता एकदा कुणाला न इचारता वळायचंय, राव."

माझ्या कात्रणांतले लोकही हेच म्हणत होते, फक्त लांबवून.

भरती-ओहोटीचे गणित त्याला मीच शिकवले. हे मात्र माझे स्वतःचे होते, लहानपणी वडिलांकडून आलेले. चालू तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. त्या काळी पावकी, निमकी, पाऊणकी आम्हा दोघांच्याही शाळांत पाठ करून घेत. त्याने ती कधी कशासाठी वापरली नव्हती. चतुर्थी म्हटले की तो तीन म्हणे, षष्ठी म्हटले की साडेचार. घाटावर बसून मी तिथ्या विचारी आणि तो उत्तरे देई. त्याला या गणिताचे फार कौतुक वाटले. पाणी किती वाजता भरणार हे त्याला नेमके सांगता येऊ लागले. पाणी किती खाली उतरते, हे आमच्या बोलण्यात आले नाही. तोवर ते मी मुद्दाम टाळले नव्हते. मला ते इतके ठाऊक होते की सांगावे असे वाटले नाही.

कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर निघायचे ठरले. चाकणहून पेणला कांद्याचा ट्रक जाणार होता, तो पुढे धरमतरच्या खाडीपर्यंत होडी सोडणार होता. सुतार आणि चाकणच्या हमालांनी होडी पोत्यांवर चढवली. मागचे टोक बाहेर आले, त्याला तांबडे फडके बांधले. ट्रकवाल्याने जागा वाया जाऊ नये म्हणून होडीतही कांद्याची पोती भरली. मी रजा घेऊन बरोबर गेलो. त्याला निरोप द्यायला, असे मी सगळ्यांना सांगितले होते. बोरघाट उतरताना मला वाटत होते की ट्रक बंद पडावा. पडला नाही.

पेणला पोती उतरली आणि एकच्या सुमाराला आम्ही धरमतरला पोचलो. खाडी काठोकाठ भरत आली होती. त्याने पाणी पाहिले आणि म्हणाला, "द्वितीया. दोन पाऊण दीड. बराबर हाय." खारे पाणी त्याने प्रथमच पाहिले, ते असे गणिताचा ताळा घेत. मग त्याने बोट बुडवून जिभेला लावले आणि थुंकला.

बंदरावरच्या माणसांच्या मदतीने होडी पाण्यात गेली आणि दगडी धक्क्याशी लागली. आत कांद्याचा वास भरलेला होता. त्या दिवशी तिथेच थांबून, शीड चढवून दुसऱ्या दिवशी भरती फिरताच तो निघणार होता. दुपारी भाकरी खाऊन होडीतच पडायचा त्याचा बेत होता. धक्क्यावर लोखंडी कड्या होत्या. त्याने होडीचे पुढचे टोक एका कडीला बांधले, मागचे दुसरीला. दोन्ही दोर हातभर. गाठी पक्क्या, दाव्याच्या.

"नवी जागा हाय," तो म्हणाला. "आखूडच बांधलेली बरी. न्हाई तर रातभर हिसकं देती."

नवा बैल गोठ्यात आणला की पहिले काही दिवस त्याला आखूड बांधतात. भोसरीत कुणीही तसेच बांधले असते. मी ते दोर पाहिले. पौर्णिमेनंतरची दुसरी तिथी, उधाणाचे पाणी. सहा तासांत ते दोन पुरुष उंचीइतके खाली जाणार. पाणी जाईल तशी होडी उतरू पाहील आणि दोर तिला उतरू देणार नाहीत. चार वाजेपर्यंत ती धक्क्यावर टांगली जाईल आणि कलेल. आत माणूस झोपलेला असेल. हे मला एखाद्या ठाऊक रस्त्यासारखे दिसले. हर्णैला मी असे टांगलेले मचवे पाहिले होते.

मी म्हणालो, "माझी गाडी अडीचची आहे."

तो माझ्याबरोबर एसटीपर्यंत आला. त्याने मला खिडकीतून एक कांदा दिला. होडीच्या कोपऱ्यात राहिलेला होता, आठवण म्हणून न्या म्हणाला. गाडी सुटली.

गाडीत मी काय केले ते लिहायला हवे. मी मथळा तयार केला. 'होडी दुर्घटनेत निवृत्त कामगार जखमी.' मग 'जखमी' काढून दुसरा शब्द घातला. मग पहिलाच परत ठेवला. पेणला गाडी वीस मिनिटे थांबली. उलट दिशेची एक गाडी समोर उभी होती. उतरून तिच्यात बसलो असतो तर साडेतीनपर्यंत धक्क्यावर पोचलो असतो. मी चहा घेतला आणि माझ्याच गाडीत बसलो.

पुढचे आठ दिवस मी कचेरीत कुलाबा जिल्ह्याच्या सगळ्या तारा आणि पत्रे स्वतः पाहिली. एरवी ते काम दुसऱ्याचे होते. पेणच्या गणपतीच्या कारागिरांची बातमी होती, एका पुलाची होती. माझी नव्हती. भीती किती होती आणि वाट किती पाहत होतो हे तेव्हाही मला सांगता आले नसते.

नवव्या दिवशी कार्ड आले, रेवदंड्याहून. मोडीत लिहिलेले. मोडी वाचायला मला वेळ लागतो, म्हणून मी ते मोठ्याने वाचले आणि बायकोने ऐकले. धरमतरला पहिल्याच दुपारी होडी फासावर गेली, असे त्याने लिहिले होते. तो आत झोपला होता. चिखलात कालवे काढणाऱ्या एका बाईने आरडाओरडा केला आणि कोयत्याने मागचा दोर तोडला. तो चिखलात पडला, बरगडीला मार बसला. एक फळी फुटली, ती तिथल्याच सुताराने दोन दिवसांत बसवली. ती बाई एवढी हसली की तिला खाली बसावे लागले. आता दोर किती सोडायचा ते कळले आहे. शेवटी होते: 'तुमी मनाला लावून घेऊ नये. तुमच्या ध्यानातून गेले असेल. अकराव्या वर्षी सुटलेला किनारा, माणूस किती लक्षात ठेवील.'

बायको म्हणाली, चांगला माणूस आहे.

तो जिवंत होता, होडी शाबूत होती आणि त्याने मला माफ केले होते, तेही मी काही केले आहे हे न कळता. मला हायसे वाटले. ते तासभर टिकले. मग ते शेवटचे वाक्य खुपायला लागले. माझ्याकडे समुद्राचे जे होते ते एवढेच होते, की मला तो ठाऊक आहे. तेही त्याने दयेपोटी काढून घेतले होते.

तो फाल्गुनात परतला. होडी हर्णैला एका कोळ्याच्या अंगणात ठेवून आला होता. पहिल्या रविवारी घाटावर न जाता मला भोसरीला बोलावले. सुताराच्या छपरात पाचसहा जण बसले होते, चहा आला होता. तो काळा आणि बारीक झाला होता. त्याने मुरूड, श्रीवर्धन, हर्णै असे सांगत आणले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या गावाम्होरनं गेलो. पाण्यातनं लई झ्याक दिसतं. आधी माडाचा पट्टा, मंग देवळाचा कळस, आन् मंग नाक्याची चौकी. तुमचं वडील बसायचं ती. तुमी कवा पाह्यलं का पाण्यातनं?"

मी पाहिले नव्हते. अकरा वर्षे मी ते गाव फक्त आतून पाहिले. नाही म्हणालो. त्याने माझ्यासाठी चौकीच्या पायरीवरची एक शिंपली आणली होती. मी ती खिशात ठेवली.

मग सुताराने दोराची गोष्ट काढली. ती सगळ्यांना आधीच ठाऊक होती, तरी पुन्हा सांगितली गेली. होडी टांगल्यावर हा कसा आडवा झाला, ती बाई कशी हसली. सुतार माझ्याकडे पाहून म्हणाला, "आन् हे पाव्हणं तर कोकणातलं. दर्याचं मास्तर. शाळंत दोराचा धडा नव्हता वाटतं."

सगळे हसले. मित्र हसला नाही. "लहानपणीच सुटलं त्यांचं," तो म्हणाला. "इसरतं माणूस."

इथे मी गप्प बसलो असतो तर प्रकरण संपले असते. विसरभोळा म्हणून मी सुटलो असतो. मी बोललो ते पश्चात्तापाने बोललो असे नंतर काहींना वाटले. तसे नव्हते. सुताराच्या छपरात, बैलगाडीच्या चाकांमध्ये, समुद्र न पाहिलेल्या पाच माणसांपुढे मला समुद्र ठाऊक नाही असे ठरत होते, आणि ते मला सहन झाले नाही.

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

"काय?"

"दोर आखूड आहे हे. तुम्ही बांधत होता तेव्हाच दिसलं होतं."

सुतार चाकाचा आरा चाचपत राहिला. मित्राने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "मंग तुमाला दर्या खरंच ठावं हाय."

"हो."

"मला वाटत व्हतं, समदं वाचलेलं सांगता."

त्याने बशी उचलली आणि राहिलेला चहा प्यायला. बाकीच्यांनी कांद्याच्या भावाचा विषय काढला. मी उठलो तेव्हा कुणी बसा म्हणाले नाही. तो पवनेच्या घाटावर त्या उन्हाळ्यात आला नाही. मुलीकडे यायचा, हे बायकोकडून कळे.

दिवाळीनंतर तो आमच्या दारात उभा राहिला. दुरुस्तीसाठी होडी पावसाळ्याआधी ट्रकने परत आणली होती, ती पुन्हा धरमतरला जायची होती. आत येऊन बसला नाही. "या खेपेला दोर तुमी बांधा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता आणि जवळीकही नव्हती. कारखान्यात एखाद्या कामाला ज्याला ते येते त्याला बोलवावे, तसे.

मी गेलो. मुक्काम पेणला करून सकाळी सातला आम्ही खाडीवर होतो. अष्टमी होती, भांगाचे पाणी, उतार कमी असतो. तरी मी दोर उधाणाच्या मापाने सोडले. दोन्ही कड्यांना गाठी मारल्या. चाळीस वर्षांत मारल्या नव्हत्या, पण बोटे अडली नाहीत. त्याने जवळ येऊन गाठी पाहिल्या, ओढून पाहिल्या नाहीत. मग तो होडीत जाऊन पाठीवर झोपला.

मी गाडी पकडली नाही. सातपासून बारापर्यंत धक्क्यावर बसून राहिलो. होडी हळूहळू खाली गेली. धक्क्याच्या दगडांवरचा हिरवा पट्टा उघडा पडला, मग काळा, मग शिंपल्यांचा. दोर सैल होते ते तिरके झाले, मग सरळ, पण ताणले गेले नाहीत. तो एकदाही उठला नाही. एवढा वेळ मी त्याच्या झोपलेल्या तोंडाकडे पाहत होतो. मला त्याचा हेवा वाटत होता, पहिल्या दिवसाइतकाच. त्यात काही कमी झालेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी नवमी. सकाळी पावणेसातला पाणी भरले आणि फिरले. त्याने मला दोर सोडायला सांगितले. मी सोडून होडीत टाकले. त्याने ते गुंडाळून पायाशी ठेवले, शीड ओढले, आणि होडी ओहोटीबरोबर खाडीच्या तोंडाकडे निघाली. समोरून एक मचवा येत होता. त्याला बाजू देण्यासाठी तो सगळा वेळ शीड आणि सुकाणू पाहत होता. वळणापर्यंत त्याने एकदाही मागे पाहिले नाही.

त्या जागी मी असतो तर मागे पाहिले असते.